साठीनंतर सुटलेले पोट आणि दुबळे पाय: ताकदीच्या व्यायामाची सुरुवात कशी करावी

साठी ओलांडलेल्या अनेकांचे वजन वर्षानुवर्षे फारसे बदलत नाही आणि त्यामुळे शरीरात काही बिघडत आहे अशी शंकाही त्यांना येत नाही. प्रत्यक्षात त्या स्थिर आकड्याच्या आड दोन गोष्टी एकाच वेळी चालू असू शकतात: स्नायू घटत असतात आणि जवळपास तेवढ्याच वजनाची चरबी, विशेषतः पोटाभोवती, वाढत असते. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायूंचे प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होते, साठीनंतर हा वेग वाढतो आणि ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर उतरते. स्नायुक्षय आणि लठ्ठपणा एकत्र असण्याच्या या अवस्थेला डॉक्टर ‘सार्कोपेनिक ओबेसिटी’ म्हणतात. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागणे, जिन्यात कठडा धरून स्वतःला वर ओढावे लागणे, बाजाराची पिशवी लवकर जड वाटू लागणे ही तिची घरगुती लक्षणे आहेत. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. त्यामुळे स्नायू घटले की मधुमेह आटोक्यात ठेवणेही अवघड होते.

आपल्याकडे ही अवस्था लक्षात येणे आणखी कठीण असते, कारण भारतीय शरीरात बेताच्या वजनातही चरबी जास्त असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची मर्यादा बीएमआय २५ अशी खाली धरली जाते, आणि कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर व स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला की तो धोक्याचा मानला जातो.

‘मी रोज चालतो, मग वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. चालणे हृदयासाठी आणि मनासाठी उत्तम आहे आणि ते सोडण्याचे कारण नाही. परंतु सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंच्या क्षमतेचा लहानसाच भाग खर्च होतो, आणि जेवढे काम रोज सहज होते तेवढ्याने स्नायू वाढत नाहीत. अमेरिकेत ६५ वर्षांवरील १६० लठ्ठ आणि अशक्त व्यक्तींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहार कमी करून कोणाला फक्त चालण्यासारखे दमसासाचे व्यायाम, कोणाला फक्त ताकदीचे आणि कोणाला दोन्ही दिले होते. सहा महिन्यांत या तिन्ही गटांचे वजन सारखेच, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांनी उतरले. मात्र चरबीविरहित वजन (ज्यात स्नायू येतात) दमसासाच्या गटात ५ टक्के गेले, ताकदीच्या गटात २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्के. उठणे, चढणे, उचलणे अशा कामांच्या चाचणीत दोन्ही करणारे सर्वांत पुढे गेले. वजन उतरवणाऱ्या ज्येष्ठाने ताकदीचा व्यायाम का टाळू नये, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर देणे अवघड आहे.

वयाचे कारणही फारसे टिकत नाही. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात १९९० च्या सुमारास नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा भारी व्यायाम देण्यात आला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्याच संशोधकांनी पुढे शंभर जणांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असेही दिसले की व्यायामाशिवाय नुसते पोषक पेय दिल्याने अशक्तपणा हटत नाही. प्रथिनांच्या डब्यांच्या जाहिराती पाहताना हे आठवणीत ठेवावे.

पहिली पायरी: डॉक्टरांशी नेमके काय बोलावे

‘व्यायाम करू का?’ एवढेच विचारले तर ‘करा, पण जपून’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी औषधांची यादी समोर ठेवून प्रश्न विचारावेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून व्यायामाची वेळ आणि गोळीची वेळ यांचा मेळ विचारून घ्यावा. अशा व्यक्तींनी सुरुवातीचे काही दिवस व्यायामाआधी साखर तपासावी. ती ९० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास आधी एखादे केळे किंवा दोन-तीन बिस्किटे खावीत, आणि उपाशीपोटी व्यायाम करू नये. मेटोप्रोलोल किंवा अ‍ॅटेनोलोलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी व्यायामातही फारशी वाढत नाही, त्यामुळे त्यांनी नाडी मोजून श्रमाचा अंदाज करण्यात अर्थ नाही. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे झटकन उठल्यावर चक्कर येते. हा त्रास होत असल्यास तो आधीच सांगावा.

पुढील बाबतींत स्पष्ट परवानगी मिळेपर्यंत थांबावे: छातीत नव्याने सुरू झालेले दुखणे, अलीकडे आलेला हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू, विश्रांतीतही १८०/११० च्या वर राहणारा रक्तदाब, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यात होणारा रक्तस्राव, अलीकडची मोतीबिंदूची किंवा पोटाची शस्त्रक्रिया, आणि हर्निया. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेल्यांनी व्यायाम अवश्य करावा, मात्र कमरेतून वाकून वजन उचलणे आणि वजन हातात धरून पाठ पिळणे टाळावे. गुडघे झिजले आहेत हे मात्र थांबण्याचे कारण नाही. मांडीचे स्नायू बळकट झाल्यावर बहुतेकांचे गुडघेदुखीचे प्रमाण कमीच होते.

जवळपास फिजिओथेरपिस्ट असल्यास पहिली दोन-तीन सत्रे त्यांच्यासमोर करावीत. एकदा व्यायामातली शरीराची ठेवण नीट शिकली की पुढचे बहुतेक काम घरी होते.

दुसरी पायरी: सुरुवातीची मोजणी

वजनकाट्यापेक्षा खुर्ची अधिक खरे सांगते. साधारण ४३ ते ४५ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली, पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीवर दुमडून पाच वेळा पूर्ण उभे राहावे आणि बसावे, आणि कोणाला तरी घड्याळ लावायला सांगावे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार यासाठी १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागणे हे स्नायू दुबळे झाल्याचे चिन्ह आहे. हातांच्या आधाराशिवाय एकदाही उठता आले नाही तर तेही लिहून ठेवावे, तीच आपली सुरुवात आहे. दुसरी मोजणी चालण्याची. घरात किंवा गच्चीवर ६ मीटर मोजून नेहमीच्या वेगाने चालावे. ६ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर वेग कमी आहे असे समजावे. तिसरी मोजणी कमरेच्या घेराची, श्वास सोडल्यावर, टेप घट्ट न ओढता.

दवाखान्यात मुठीची पकड मोजण्याचे उपकरण असेल तर तीही मोजून घ्यावी. याच निकषांनुसार पुरुषांमध्ये २८ किलोच्या आणि स्त्रियांमध्ये १८ किलोच्या खालची पकड दुबळी समजतात. पोटरीचा घेर मोजण्याचीही पद्धत आहे, पण लठ्ठ व्यक्तीत पोटरीवरील चरबी आणि सूज यांमुळे तो फसवतो. जिममधल्या काट्यावर उभे राहून मिळणारे चरबीचे टक्केही शरीरातल्या पाण्यानुसार दिवसागणिक बदलतात, त्यामुळे त्यांच्यावर पैसे आणि चिंता दोन्ही खर्च करू नयेत.

तिसरी पायरी: जागा, कपडे, साहित्य

प्लॅस्टिकची हलकी खुर्ची आणि चाकांची खुर्ची या दोन्ही बाद कराव्यात. फरशी कोरडी असावी आणि पायांत न घसरणारे बूट असावेत, कारण मोज्यांवर किंवा सैल चपलांवर हे व्यायाम करणे धोक्याचे आहे. साडीच्या निऱ्या पायात येतात, म्हणून आजींनी सलवार किंवा पायजमा घालावा. हाताशी धरायला स्वयंपाकघराचा ओटा सर्वांत चांगला, कारण तो हलत नाही.

साहित्य फार लागत नाही. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे जवळपास एक किलोचे डंबेल. खांद्याला अडकवायची एक बॅग घ्यावी, तिच्यात तांदळाच्या किंवा डाळीच्या पिशव्या वाढवत नेता येतात. रबरी पट्टे मात्र विकत घ्यावेत. त्यांचे रंग ताणाची पातळी दाखवतात आणि बहुधा पिवळा सर्वांत हलका असतो, पण कंपनीनुसार हा क्रम बदलतो, त्यामुळे वेष्टनावर पाहून घ्यावे. दर वेळी पट्टा ताणून त्याला चीर गेली आहे का ते तपासावे. तुटलेला पट्टा डोळ्याला लागतो.

महापालिकेच्या उद्यानांतल्या खुल्या व्यायामशाळांबद्दल इथेच सांगितलेले बरे. तिथली बहुतेक यंत्रे वापरणाऱ्याच्याच वजनावर चालतात आणि त्यांवरचा भार कमीजास्त करता येत नाही. अंग मोकळे करायला आणि चार लोकांत मिसळायला ती चांगली आहेत, पण महिनोन्‌महिने तोच झोका घेऊन ताकद वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. आखाड्यातल्या जोर-बैठकांचा वारसा मोठा आहे, परंतु झपाट्याने मारलेल्या खोल बैठका या अवस्थेतल्या नवख्याच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नाहीत.

चौथी पायरी: व्यायाम

सर्वांत आधी पाच-सात मिनिटे घरातल्या घरात चालावे, खांदे फिरवावेत, घोटे हलवावेत. मग पायांच्या व्यायामाने सुरुवात करावी, कारण सर्वांत मोठे स्नायू तिथे आहेत आणि वयानुसार सर्वांत आधी तेच उतरतात. थकण्याआधी त्यांचे काम उरकलेले चांगले.

खुर्चीवरून उठबस हा या साऱ्याचा कणा आहे, आणि फक्त एकच व्यायाम करायची तयारी असेल तर तो हाच असावा. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे. पावले खांद्यांइतकी अंतरावर ठेवावीत, पोट मोठे असल्यास थोडी अधिक, आणि पंजे किंचित बाहेर वळवावेत, म्हणजे पुढे झुकताना पोटाला मांड्यांमध्ये जागा मिळते. टाचा गुडघ्यांच्या जरा मागे घ्याव्यात. बहुतेकांची चूक इथेच होते: पाय पुढे ताठ ठेवून ते उठू पाहतात आणि उठता आले नाही की गुडघ्यांना दोष देतात. पाठ सरळ ठेवून कमरेच्या सांध्यातून पुढे झुकावे, नाक पायाच्या बोटांच्या वर आले की टाचांनी जमीन दाबत श्वास सोडत उठावे. गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नयेत. पूर्ण उभे राहिल्यावर क्षणभर नितंब आवळावेत. मग मनात तीन आकडे मोजत हळू खाली बसावे. धपकन बसणे टाळावे, एक तर ठिसूळ मणक्यांना त्याचा दणका बसतो, आणि दुसरे म्हणजे वजन सावकाश खाली नेण्यातच स्नायूंना मोठा व्यायाम मिळतो.

हे जमत नसेल तर बैठक उंच करावी. खुर्चीवर एक घट्ट उशी, लागलीच तर दोन, किंवा पलंगाची उंच कड. तरीही न जमल्यास हात मांड्यांवर किंवा खुर्चीच्या हातांवर टेकवून उठावे आणि बसताना मात्र आधार न घेता हळू बसावे. उठण्यापेक्षा बसणे सोपे असते, आणि तिथूनच ताकद येऊ लागते. उलट हे अगदी सहज होत असेल तर उशी काढावी, मग खालच्या बैठकीची खुर्ची घ्यावी, मग तांदळाची बॅग छातीशी कवटाळावी, मग बसण्याच्या अगदी आधी दोन सेकंद थांबावे.

दुसरा व्यायाम भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवावेत, शरीर डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ ठेवून छाती भिंतीकडे न्यावी आणि श्वास सोडत ढकलून मागे यावे. काही आठवड्यांनी हेच ओट्यावर हात टेकवून करावे. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. खांदा दुखत असेल तर कोपरे अंगाजवळ ठेवावीत आणि दुखेल तिथपर्यंत जाऊ नये.

तिसरा व्यायाम ओढण्याचा. खिडकीच्या पक्क्या गजाभोवती रबरी पट्टा अडकवून खुर्चीत ताठ बसावे आणि दोन्ही कोपरे बरगड्यांना घासत मागे न्यावीत, पाठीची पाती एकमेकांकडे ओढावीत, मग हळूहळू सैल करावे. बाकदार झालेल्या पाठीला याचा फार उपयोग होतो.

चौथा व्यायाम नितंबांचा. पलंगावर पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत आणि टाचा दाबत कंबर उचलावी. आडवे पडल्यावर पोटाच्या भाराने धाप लागते किंवा छातीत जळजळ होते अशांनी तो सोडून ओटा धरून उभे राहावे आणि एकेक पाय गुडघ्यात न वाकवता मागे न्यावा, शरीर पुढे झुकू न देता. त्याच जागी उभे राहून पाय बाजूला उचलणे आणि टाचा उचलून चवड्यांवर येणे हेही करून घ्यावे. लठ्ठ व्यक्तीच्या पोटऱ्यांवर शरीराचे वजनच पुरेसा भार टाकते, त्यामुळे चवड्यांच्या व्यायामात लवकर दम लागला तर आश्चर्य वाटू नये.

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून दोन गोष्टी वाढवाव्यात. इमारतीच्या जिन्याची सर्वांत खालची पायरी कठडा धरून चढणे-उतरणे, आळीपाळीने एकेका पायाने पुढाकार घेत, आणि दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन खोलीभर चालणे. दुसऱ्याने पकड आणि धड दोन्ही सुधारतात.

जमिनीवर बसून करायचे व्यायाम मी मुद्दाम दिलेले नाहीत. या अवस्थेतल्या नवख्याला जमिनीवरून उठणे हेच सर्वांत अवघड काम असते. उठबस पक्की झाल्यावर, पलंगाचा आधार घेऊन आणि घरात कोणी असताना, त्याचाही सराव जरूर करावा. पडल्यावर उठता येणे ही फार मोठी सोय आहे.

पाचवी पायरी: किती, किती वेळा आणि किती जोर लावून

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक व्यायामाची ८ ते १० आवर्तने, एकच फेरी. एवढे पुरे. या काळात ठेवण शिकायची असते. तिसऱ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत १० ते १२ आवर्तनांच्या दोन फेऱ्या कराव्यात आणि जमल्यास दिवस तीन करावेत. पुढे पायांच्या व्यायामांच्या तीन फेऱ्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक ते दोन मिनिटे बसून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. दोन सत्रांमध्ये ४८ तासांचे अंतर हवे, म्हणून सोमवार, बुधवार (किंवा गुरुवार) आणि शनिवार असे वार ठरवून टाकणे सोयीचे पडते. संपूर्ण सत्राला अर्धा-पाऊण तास लागतो.

जोर किती लावावा, हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत बहुतेक कार्यक्रम इथेच फसतात. घाबरून इतका हलका भार दिला जातो की वर्षभर हात वरखाली करूनही ताकद जिथल्या तिथे राहते. शून्य म्हणजे आरामात बसणे आणि दहा म्हणजे आता आणखी एकही होणार नाही, अशी मोजपट्टी मनात धरावी. पहिले दोन आठवडे श्रम ४ ते ५ वर ठेवावेत, पुढचा महिना ५ ते ६ वर, आणि त्यानंतर ७ ते ८ पर्यंत न्यावेत. ७-८ म्हणजे फेरी संपताना ‘आणखी दोन किंवा तीन झाली असती, जास्त नाही’ असे प्रामाणिकपणे वाटणे. फेरी संपल्यावरही सहज गप्पा चालू असतील तर भार कमी आहे.

भार वाढवण्याचा नियम सोपा ठेवावा. सलग दोन सत्रांत १२ आवर्तने चांगल्या ठेवणीत झाली आणि तरीही दम उरला, तर पुढच्या सत्रात थोडे अवघड करावे: बॅगेत अर्धा-एक किलो अधिक, किंवा पट्ट्याचा पुढचा रंग, किंवा बसताना तीनऐवजी पाच आकडे. एका वेळी एकाच व्यायामात एकच बदल करावा, म्हणजे काही दुखले तर कारण कळते. भार वाढला की आवर्तने ८ वर येतील, ती पुन्हा १२ पर्यंत न्यावीत. हे सगळे वहीत लिहावे. तारीख, व्यायाम, भार, आवर्तने, श्रमाचा आकडा. वही नसेल तर तीन आठवड्यांनी कोणालाच काही आठवत नाही.

श्वास कधीही रोखू नये. जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब क्षणात खूप वर जातो. ज्यांना हे लक्षात राहत नाही त्यांनी आवर्तने मोठ्याने मोजावीत. बोलत असताना श्वास रोखता येत नाही.

सहावी पायरी: दुखणे ओळखणे

सुरुवातीला दुसऱ्या दिवशी मांड्या-दंड भरून येतात, जिना उतरताना पाय आंबल्यासारखे वाटतात, आणि हे दोन-तीन दिवसांत ओसरते. हे स्नायूंचे दुखणे आहे आणि काळजीचे नाही. सांध्यातले टोचणारे दुखणे वेगळे. गुडघ्यासाठी एक व्यवहारी कसोटी आहे: व्यायामात दुखणे दहापैकी ३-४ च्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल तर चालू ठेवावे. त्याहून जास्त असेल, किंवा गुडघा सुजला, तर व्यायाम बंद न करता बैठक उंच करावी, भार कमी करावा.

छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, एका बाजूला बळ कमी वाटणे, बोलताना अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबावे आणि वैद्यकीय मदत मागवावी. थरथर, घाम आणि एकदम भूक ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. त्या वेळी लगेच साखरेचे पाणी घ्यावे.

चालणे आणि तोल

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगितलेला आहे. चालणे ताकदीच्या व्यायामाच्या मधल्या दिवशी ठेवावे. तोलासाठी ओट्याला बोटे टेकवून एका पायावर उभे राहणे आणि टाच-बोट जुळवून चालणे पुरेसे आहे. ताकदीच्या सत्राच्या शेवटी पाच मिनिटे दिली तरी चालतात.

सातवी पायरी: ताटाकडे पाहणे

उपासमार करून वजन उतरवले तर गेलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून इतर ऊतींचा, म्हणजे मुख्यतः स्नायूंचा असू शकतो. म्हणून ज्येष्ठांनी आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरवण्याच्या नादी लागू नये. वजन कमी करणारी नवी इंजेक्शने डॉक्टरांनी सुरू केली असतील तर ताकदीचा व्यायाम आणि प्रथिने यांची गरज कमी न होता वाढते, कारण भूक मंदावल्याने ताटातली प्रथिनेही कमी होतात.

ज्येष्ठांसाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. लठ्ठ व्यक्तीने हा हिशेब आपल्या उंचीला साजेशा वजनावर करावा. १५५ सेंटीमीटर उंचीच्या आणि ७४ किलो वजनाच्या आजींसाठी हे वजन सुमारे ५५ किलो धरले, तर रोज ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिने होतात, म्हणजे दर जेवणात साधारण २० ग्रॅम. आपल्या घरांत दुपारचे जेवण बरे असते, पण सकाळचा चहा-पोहे आणि रात्रीची खिचडी किंवा दूध-भात यांत प्रथिने अगदीच तुटपुंजी असतात. सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम) आणि पेलाभर दूध, किंवा ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी (१२ ग्रॅम) आणि वाटीभर दही घ्यावे. दुपारी भाकरी, दाट वरण, मटकीची उसळ आणि दही मिळून २० ग्रॅमच्या पुढे सहज जाते. रात्री १०० ग्रॅम मासे किंवा कोंबडीतून सुमारे २० ग्रॅम मिळतात. शाकाहारींनी पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात, ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत साधारण १५ ग्रॅम प्रथिने असतात. तेल, साखर, फरसाण आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात इथे कात्री लावावी, वरणावर नको. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नयेत.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. दूध, दही, शेंगदाणे उपवासाला चालतात, ते घ्यावेत, आणि जड सत्र दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

बारा आठवड्यांनंतर आणि खंड पडल्यावर

बाराव्या आठवड्याच्या शेवटी तीच खुर्ची, तेच ६ मीटर आणि तोच टेप घेऊन पुन्हा मोजणी करावी. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्यामुळे. स्नायूंचा आकार त्यामागून, सावकाश वाढतो. त्यामुळे वजन तेवढेच असून उठबशीची वेळ १६ सेकंदांवरून १२ वर आली असेल तर कार्यक्रम उत्तम चालला आहे. वेळ अजिबात बदलली नसेल तर वही उघडावी. बहुतेक वेळा भार वाढलेलाच नसतो, किंवा आठवड्याला एकच सत्र झालेले असते. या दोन्ही गोष्टी ठीक असूनही सुधारणा नसेल, किंवा वजन आपोआप घटत असेल, तर थायरॉइड, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि औषधे यांची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

लग्नसराई, प्रवास किंवा गावाला जाणे यांमुळे आठवडा-दोन आठवडे गेले तर फारसे नुकसान होत नाही. आधीच्या भाराच्या थोडे खालून पुन्हा सुरू करावे. आजारपणाचे अंथरूण मात्र महाग पडते. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस पडून राहायला लावलेल्या एका प्रयोगात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू गेले होते. म्हणून रुग्णालयात असतानाही, डॉक्टरांची हरकत नसेल तर, पलंगाच्या कडेवर बसणे, घोटे हलवणे आणि दिवसातून काही वेळा आधाराने उभे राहणे सुरू ठेवावे. घरी आल्यावर ताप उतरून दोन-तीन दिवस झाले की उंच बैठकीवरून, निम्म्या आवर्तनांनी सुरुवात करावी. आधीच्या भारापर्यंत पोहोचायला जितके दिवस पडून काढले त्याच्या दुप्पट-तिप्पट दिवस लागतील असे धरून चालावे.